प्रवासवर्णनांतील वाहन

मराठींत परदेशप्रवासाच्या वर्णनांची वाण आज मुळींच उरलेली नाहीं. विलायतेस जाऊन आलेला मनुष्य जिल्ह्यांत एखादाच असावयाचा, तो काळ केव्हांच मागें पडला. अमरावती किंवा अकोला येथील कोणत्याहि वस्तींत आतां स्वित्झर्लंड, सिंगापूर, दुबई पाहून आलेलीं घरें सहज सांपडतात. आणि अशा कांहीं घरांतून त्या सहलीचें वर्णन लिहिलें जातें, हीहि नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. कोणी तें वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणींत क्रमशः छापवितो. कोणी सेवानिवृत्तीनंतरच्या फुरसतींत स्वखर्चानें पुस्तकरूपानें काढतो व आप्तेष्टांस वांटतो. प्रथितयश टीकाकार या लेखनाकडे ढुंकूनहि पाहत नाहींत. आमच्या मतें ही उपेक्षा योग्य नव्हे. ज्या वाङ्मयप्रकारांत सामान्य गृहस्थ आणि गृहिणी प्रथमच लेखणी हातीं धरतात, त्याची परीक्षा थोर ग्रंथांइतक्याच काळजीनें व्हावयास पाहिजे. कारण लेखक नवखा असला तरी त्याचा अनुभव खरा असतो, आणि खरा अनुभव कागदावर उतरतां उतरतां कोठें गळतो हें दाखविणें हेंच टीकेचें काम होय.

तो कोठें गळतो, या प्रश्नाचें आमचें उत्तर थोडक्यांत असें कीं, तो वाटेंत गळतो. अशीं पांच-सहा पुस्तकें एकापाठोपाठ एक वाचून पाहावींत. पॅरिसचा मनोरा, रोमचें कलोझियम, लंडनचा पूल, आल्प्सचें बर्फ यांचीं वर्णनें एका पुस्तकांतून काढून दुसऱ्यांत घातलीं तर शिवण दिसणार नाहीं. मनोऱ्याची उंची तीच, पुलाचें वर्ष तेंच आणि उद्गारचिन्हेंहि तींच. परंतु लेखक एका स्थळापासून दुसऱ्या स्थळीं कसा गेला, तिकीट कोणत्या खिडकीवर काढलें, शेजारीं कोण बसलें होतें, वाट कोणास विचारली, पाय कोठें दुखूं लागले, याचा मागमूसहि नसतो. 'नंतर आम्ही अमुक ठिकाणीं पोहोंचलों' या एका वाक्यांत दोनशें मैल संपून जातात. स्थळें सर्वांचीं सारखींच असतात. दोन स्थळांमधील अंतर मात्र ज्याचें त्याचें असतें. तें अंतर जो गाळतो तो स्वतःसच गाळतो. मग उरते ती केवळ माहितीपत्रकाची नक्कल.

आपल्या भाषेनें हा भेद पूर्वींच ओळखलेला आहे. यात्रा, प्रवास आणि सहल हे तीन शब्द एकच अर्थ सांगत नाहींत. यात्रेंत वाट हेंच अर्धें पुण्य. शेगांवची पालखी पंढरपुरास पायीं जाते, कौंडण्यपुराहून रुक्मिणीची पालखी निघते; वाटेवरील मुक्काम, ओढे, ऊन आणि गांवोगांवचें अन्नदान हें सर्व तेथें हिशेबांत धरलेलें असतें. प्रवासांत वाटेचे कष्ट असतात, परंतु त्या कष्टांतूनच मनुष्यास परका मुलूख कळत जातो. सहलींत मात्र वाट हा निव्वळ अडथळा. पैसे मोजून तो जितका लौकर ओलांडतां येईल तितका बरा. आज जीं पुस्तकें निघतात तीं बहुधा सहलीचीं असतात आणि त्यांवर नांव प्रवासवर्णनाचें असतें. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' १९०७ सालीं छापला गेल्यापासून आजपर्यंत वाचला जातो, याचें कारण केवळ १८५७ ची धामधूम नव्हे. वरसईचा हा भिक्षुक बहुतेक वाट पायीं तुडवीत गेला. म्हणून राज्यें उलथतांना त्यानें पाहिलीं तीं चालणाऱ्या माणसाच्या उंचीवरून. हत्तीवर बसून गेलेल्यास तें पुस्तक लिहितां आलें नसतें.

वऱ्हाडच्या वाचकास वाहनाची थोरवी निराळी सांगावयास नको. या प्रांतांतून समुद्रापलीकडे मोठ्या संख्येनें प्रथम गेला तो माणूस नव्हे, तर कापूस. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळें लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडील कापूस मिळेनासा झाला, तेव्हां वऱ्हाडच्या कापसास भाव चढला. आगगाडी १८६७ सालीं नागपुरास पोहोंचली; १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला; १८७० सालीं लॉर्ड मेयोच्या हस्तें खामगांवचा फांटा उघडला गेला. पुढें मूर्तिजापुराहून एका बाजूस अचलपूर व दुसऱ्या बाजूस यवतमाळ गांठणारी अडीच फुटी रुळांची गाडी किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या कंपनीनें घातली, तीहि मुख्यतः कापसासाठींच. लोकांनीं तिला 'शकुंतला' हें लाडकें नांव दिलें. तिचें वाफेचें इंजिन मँचेस्टरला घडविलेलें होतें आणि १९२३ पासून १९९४ पर्यंत तें या मातींत राबलें. ती गाडी आतां बंद पडली आहे. दमणींतून किंवा रेंगींतून माणसानें स्टेशनापर्यंत यावें आणि तेथून पुढें सातां समुद्रांपलीकडे कापसानें जावें, अशी ती वांटणी होती. ज्या प्रांताचें भाग्य वाहनांनीं असें घडविलें आणि बिघडविलें, तेथील लेखकानें परदेशीं जाऊन वाहनाकडेच डोळेझांक करावी, हें विचित्र नव्हे काय?

वऱ्हाडांतून पुढें माणसेंहि परदेशीं गेलीं, तीं प्रथम कामानें गेलीं. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे १९०८ सालीं इंग्लंडला निघाले ते टिळकांवरील शिक्षेविरुद्ध प्रिव्ही कौन्सिलांत दाद मागण्यासाठीं, आणि १९१० पर्यंत तेथें राहिले. पापळचे पंजाबराव देशमुख १९२० सालीं गेले ते विद्येसाठीं. वैदिक वाङ्मयांतील धर्माच्या उगमावर त्यांनीं ऑक्सफर्डला प्रबंध लिहिला. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं गेला तो देशी खेळ जगास दाखविण्यासाठीं. मोझरीचे तुकडोजी महाराज १९५५ सालीं जपानला गेले ते विश्वशांतीच्या परिषदेसाठीं. यांपैकीं सुटी घालविण्यास कोणीच गेलेला नव्हता. ज्यास परक्या शहरांत काम उरकावयाचें असतें, त्यास त्या शहराच्या गाड्या, वेळा आणि वाटा तेथील रहिवाशाप्रमाणें पाठ कराव्या लागतात. शहर त्याच्यापुढें मांडून ठेवलेलें नसतें, तें त्याला मिळवावें लागतें. खापर्डे नेमानें रोजनिशी लिहीत. कोण भेटलें, कोठें जाणें झालें, दिवस कसा गेला, हें रोजच्या रोज टिपून ठेवण्याच्या या संवयीस वाङ्मयीन डौल नसेल. परंतु प्रवासवर्णन लिहूं इच्छिणाऱ्यास तिच्याहून चांगला गुरु मिळणार नाहीं. रोजनिशींत वाट गाळतां येत नाहीं. कारण दिवस वाटेंतच गेलेला असतो.

आतां मराठींतील कांहीं मान्य पुस्तकांस हीच कसोटी लावून पाहूं. पंडिता रमाबाई १८८६ सालीं लिव्हरपूलहून आगबोटीनें फिलाडेल्फियास गेल्या आणि १८८९ सालीं त्यांचें 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध झालें. या ग्रंथांत प्रवासवृत्त थोडें व लोकस्थिति फार, असा आक्षेप घेतां येईल. कारण आरंभींचा समुद्रप्रवास संपला कीं राज्यव्यवस्था, घरें, शिक्षण, परोपकारी संस्था, स्त्रियांची स्थिति अशीं प्रकरणें सुरू होतात. परंतु आमच्या दृष्टीनें ती योजना सार्थ आहे. एक तरुण विधवा अटलांटिक ओलांडते, हीच त्या काळीं एक सामाजिक घटना होती. तो समुद्र आधीं वाचकाबरोबर ओलांडल्यावरच पुढील सर्व मतांस वजन येतें. शिवाय बाई पाहुणी म्हणून सर्वच गोड मानीत नाहींत. तेथील वर्णद्वेषावरहि त्या बोट ठेवतात. अनंत काणेकर यांच्या १९४० च्या 'धुक्यांतून लाल ताऱ्याकडे' या पुस्तकानें या प्रकारास ललित वळण दिलें, असें सर्वत्र म्हटलें जातें आणि तें खरेंच आहे. आम्ही वाचकाचें लक्ष केवळ त्याच्या नांवाकडे वेधूं इच्छितों. लंडनचें धुकें आणि मॉस्कोचा तारा हीं दोन स्थळें त्यांत आहेत. पण त्या नांवाचा जीव 'तून' आणि 'कडे' या दोन प्रत्ययांत आहे. दोन्ही गतीचे आहेत. लेखक एका स्थितींतून निघून दुसरीकडे चालला आहे, तो केवळ पाहत नाहीं, हें मुखपृष्ठावरच कळतें.

यानंतर गंगाधर गाडगीळ यांचें 'साता समुद्रापलीकडे' १९५९ सालीं व पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' १९६० सालीं आली. 'अपूर्वाई'नें मराठी घराघरांत परदेश नेला, याबद्दल दुमत नाहीं. पण तिनें नकळत एक अनिष्टहि केलें. पु. लं.च्या विनोदाचें मर्म असें कीं, ते परक्या देशापेक्षां त्या देशांत बावरलेल्या मराठी मध्यमवर्गीय मनाकडे अधिक पाहतात. त्यांचा कान इतका तयार होता कीं, रस्त्यांतील चार शब्दांवरून माणूस उभा राही. मागून आलेल्यांनीं तो कान घेतला नाहीं. बावरणें तेवढें घेतलें. परिणामीं पाश्चात्त्य न्हाणीघरांची थट्टा, बरोबर नेलेल्या चिवड्याची आठवण आणि काट्याचमच्यांची फजिती हा त्रिवर्ग प्रत्येक पुस्तकांत ठरून गेला. मीना प्रभु यांच्या 'माझं लंडन', 'तुर्कनामा', 'चिनी माती' इत्यादि ग्रंथांनीं ही चाकोरी पुष्कळ अंशीं मोडली. त्यांच्या पुस्तकांतील देश हा स्वतः बेत आंखून, स्वतः हिंडून मिळविलेला देश आहे. म्हणूनच त्यांच्या विस्ताराचा कंटाळा आला तरी त्यांच्याविषयीं संशय येत नाहीं.

सांप्रतच्या सहलींत हें मिळविणेंच उरलेलें नाहीं. बडनेऱ्याच्या फलाटावर रात्रीं गाडीची वाट पाहणें हा पूर्वीं परदेशप्रवासाचा पहिला अध्याय असे. २०२५ च्या एप्रिलांत बेलोऱ्याहून मुंबईचें विमान सुरू झालें, तेव्हां तोहि अध्याय हळूहळू गळेल. पुढें विमानतळाबाहेर कांचांची मोठी बस उभी असते, ती दहा दिवस यात्रेकरूंस सोडीत नाहीं. या बसची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. वृद्धांस ती आधार आहे. जेवणाची, औषधाची व भाषेची चिंता ती दूर करते. आमची तक्रार एवढीच कीं, तिच्यांत इतके तास बसूनहि लेखक तिच्याविषयीं अवाक्षर काढीत नाहीं. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणें बसचालकानें सलग साडेचार तास हांकल्यावर पाऊण तास विसांवा घेतलाच पाहिजे, आणि दिवसाचें हांकणें सामान्यतः नऊ तासांपलीकडे जाऊं नये. सहलीचा सारा आराखडा या नियमावर बेतलेला असतो. हमरस्त्यावरील ज्या थांब्याचें वर्णन पुस्तकांत 'येथें आम्ही चहा घेतला' असें येतें, तो थांबा वास्तविक चालकाच्या हक्काचा असतो. एका सामान्य मजुराचा विसांवा चाळीस प्रवाशांच्या घाईपेक्षां मोठा मानणारा समाज तेथें डोळ्यांसमोर असतो; लेखक त्या पाऊण तासांत चुंबकाचीं चित्रें विकत घेतो आणि रात्रीं दिवसभर पाहिलेल्या किल्ल्याची उंची लिहितो!

दुसरें उदाहरण अधिक जवळचें आहे. स्वित्झर्लंडास गेलेला प्रत्येक वऱ्हाडी प्रवासी युंगफ्राऊच्या आगगाडीचें वर्णन करतो. आयगर पर्वताच्या पोटांतून ३,४५४ मीटर उंचीवर नेणारी ही गाडी १९१२ सालीं पूर्ण झाली, हें सर्वजण लिहितात. ती मीटर रुळांची आहे, हें मात्र कोणी लिहीत नाहीं. आणि तें लिहिलें असतें तर अकोल्याच्या वाचकास एकदम घरची आठवण झाली असती. त्याच देशांत ब्रुसिओ येथें १९०८ पासून एक गाडी कमानींच्या पुलावरून पूर्ण वर्तुळ घेते व स्वतःच्याच मार्गाखालून निघून जाते. २००८ सालीं त्या मार्गास जागतिक वारशाचा मान मिळाला. आमच्या अकोला-खांडवा मार्गावरहि मेळघाटांत धुळघाटापाशीं मीटर रुळांची गाडी असाच वळसा घेऊन स्वतःच्याच रुळांवरून पलीकडे जात असे. ती आतां इतिहासजमा झाली. रुंद रूळ व्याघ्रप्रकल्पाच्या जंगलांतून न्यावे कीं बाहेरून, यावर पुष्कळ वाद झाला. त्यांत वाघाची बाजू खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं, कोरकू गांवांची गैरसोय खोटी होती असेंहि म्हणत नाहीं. परंतु एका देशानें डोंगरांतील आपली लहान गाडी वारसा म्हणून जपली आणि दुसऱ्यानें तशीच गाडी अडचण म्हणून मोडली, यांतील कारणांचा विचार दोन्ही वळसे पाहिलेल्या माणसानेंच करावयाचा. तो विचार कोणत्याहि स्विस माहितीपत्रकांत मिळणार नाहीं. अकोल्याच्या लेखकाजवळच तो मिळण्यासारखा आहे, आणि तोच नेमका तो लिहीत नाहीं.

वाहनांतून लोकस्वभाव कसा दिसतो याचे दाखले हवे तितके देतां येतील. जर्मनींतील पुष्कळ शहरांत भुयारी गाडीच्या फलाटावर फाटकच नसतें. तिकीट काढलें आहे असें धरून चालतात, तपासनीस मधूनच येतो व चुकाराकडून दंड घेतो. परस्परविश्वास आणि धाक यांचें तें मिश्रण शंभर चर्चें पाहून कळणार नाहीं. जपानांत गाडीस उशीर झाला तर प्रवाशास तसा दाखला देतात, म्हणजे कचेरींत त्यास बोलणें बसूं नये. ज्या देशानें १९६४ सालीं जगांतील पहिली अतिवेगवान आगगाडी सुरू केली, तेथें कांहीं मिनिटांची जबाबदारीहि कोणी तरी लेखी उचलतो. व्हेनिसमध्यें मोटारच नाहीं. शाळकरी मूल, प्रेतयात्रा आणि कचऱ्याची गाडी हीं सर्व पाण्यावरूनच जातात. सहलकार मात्र अर्ध्या तासाच्या गोंडोल्याचें वर्णन करून परततो. ज्या सार्वजनिक बोटींतून तेथील म्हातारी बाजारांतून घरीं जाते, तींत तो चढतच नाहीं.

या विषयाची खरी कळ मात्र सहलींत नाहीं. ती आहे मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेस जाऊन सहा महिने राहणाऱ्या आईबापांच्या अनुभवांत. अशीं माणसें आज वऱ्हाडांत थोडीथोडकीं नाहींत. अमरावतीस सकाळीं अंबादेवीचें दर्शन घेऊन, राजकमल चौकांत दोन ओळखीच्या माणसांशीं बोलून, भाजीची पिशवी घेऊन पायीं घरीं येणारा सत्तर वर्षांचा गृहस्थ त्या देशांतील उपनगरांत जाऊन पडतो. घर मोठें, अंगणांत हिरवळ, मुलगा प्रेमळ. परंतु दुकान चार मैलांवर, देऊळ वीस मैलांवर, रस्त्यास पुष्कळदां पायवाट नाहीं आणि बस औषधालाहि नाहीं. १९५६ च्या महामार्ग कायद्यानंतर त्या देशानें आपलीं शहरें उत्तरोत्तर मोटारीच्या मापानें बेतलीं. ज्यास मोटार हांकतां येत नाहीं तो तेथें प्रौढ राहत नाहीं, मूल होतो. शनिवारपर्यंत थांबावें आणि कोणी नेईल तेव्हां जावें. घरीं कर्ता असलेला पुरुष, सारें घर चालविलेली बाई, यांना स्वतःच्या पायांनीं शेर मीठहि आणतां येऊं नये, यापरतें प्रवासाचें दुःख दुसरें कोणतें? तीच माणसें मुलाची बदली लंडनला झाली असतां, १८६३ पासून चाललेल्या तेथील भुयारी गाडींत आठ दिवसांत सरावतात आणि पुन्हां ताठ मानेनें हिंडूं लागतात. दोन देशांतील हा फरक आकाशाला भिडणाऱ्या इमारतींत नाहीं, तो घरापासून चौकापर्यंतच्या वाटेंत आहे.

आणि हेंच आपल्या पुस्तकांत नाहीं! परत आल्यावर तीं माणसें नायगराच्या धबधब्याचें वर्णन लिहितात. त्या सहा महिन्यांपैकीं नायगरापाशीं एक दिवस गेला, आणि शंभराहून अधिक दिवस खिडकीशीं गेले. परंतु त्या दिवसांविषयीं लिहिणें म्हणजे मुलाची निंदा होईल, किंवा आपला कमीपणा दिसेल, अशी भीति लेखणीस अडविते. ही भीति आम्हांस समजते. तथापि साहित्याचें नुकसान येथेंच होतें. मुलावर दोष न ठेवतां, देशास शिव्या न देतां, केवळ आपण कोठवर चालत गेलों व कोठून परत फिरलों एवढें जरी त्या पित्यानें किंवा मातेनें खरेंपणानें लिहिलें, तरी मराठींत एक नवें प्रवासवर्णन जन्मास येईल. पंडिता रमाबाईंनीं दाखविलेली अमेरिका आशेची होती; ही त्यापुढील अमेरिका असेल, आणि ती लिहिण्याचा अधिकार या वृद्धांचाच आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. वाहनांची, तिकिटांची व वेळापत्रकांची माहिती ही मार्गदर्शक पुस्तिकेची बाब, साहित्याची नव्हे, हा पहिला. तो आम्हांस मान्य नाहीं. माहिती म्हणून तिकिटाचा दर उद्यां शिळा होईल. परंतु तिकीट काढतांना परकी नाणीं तळहातावर पसरून खिडकींतील बाईपुढें धरणाऱ्या माणसाचा संकोच शिळा होत नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, सहलींतील माणसास एकट्यानें हिंडण्याचें बळ व भाषा नसते. हें खरें आहे. पण सारा प्रवास एकट्यानें करा असें कोण म्हणतो? दहा दिवसांतील एक दुपार मोकळी मिळते. त्या दुपारीं दुकानांत न शिरतां जवळच्या ट्रॅमचें तिकीट काढावें, शेवटच्या थांब्यापर्यंत जावें आणि त्याच ट्रॅमनें परत यावें. वाट चुकण्याची धास्ती नाहीं, कारण रूळ परत आणतात. त्या तासाभरांत शाळेंतून सुटलेलीं मुलें चढतील, कोणी जागा देईल, कोणी देणार नाहीं. त्या रात्रीं लिहावयास बसलें म्हणजे मनोऱ्याची उंची आठवेनाशी होईल, आणि तीच लेखनाची सुरुवात होय.

पुढील वर्षीं या मासिकाकडे परीक्षणार्थ येणाऱ्या प्रवासवर्णनांकडून आमची अपेक्षा फार मोठी नाहीं. स्थळांचीं छायाचित्रें कमी असावींत. तीं सर्वांजवळ आहेत. इतिहासाचे उतारे गाळावेत. ते लिहिणारे दुसरे आहेत. लेखक अमरावतीचा असो वा अकोल्याचा, घराच्या दारांतून बाहेर पाऊल टाकल्यापासून तो कशांत बसला, कोणाबरोबर बसला, काय मोजलें आणि कोठें उतरला, एवढें त्यानें क्रमानें सांगावें. इतकें प्रामाणिकपणें सांगितलें गेलें तर परदेश आपोआप त्यांत येईल. आणि त्याबरोबर वऱ्हाडहि येईल, जो आजवर या पुस्तकांच्या मुखपृष्ठावरील पत्त्याखेरीज कोठेंच आलेला नाहीं.